मीठ हातचं

आधी गुडघ्यांचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. पस्तीस वर्षं चुलीपुढे उठबस केल्यावर गुडघे राहतात कुठे! उठताना हात भिंतीला, बसताना हात भिंतीला. त्या भिंतीवर माझ्या पंजाचा काळा डाग पडला होता. दिवाळी आली की घरच्या मालकीण पद्मजावहिनी तो मला दाखवायच्या, "काकू, हा बघा तुमचा शिक्का." शिक्का कसला, कर्म माझं. मी दमले होते. दुसरं काही नव्हतं.

मी मथुरा. रत्नागिरीत सरदार नेवरेकरांच्या घरी स्वयंपाकाला होते. नवरा मुंबईला प्लेगात गेला, विसाव्या वर्षी डोकं केलं, लाल आलवण नेसवलं, आणि भावाने आणून या घरात सोडलं. तेव्हापासून मी आणि चूल. सरदारकी पेशव्यांबरोबर बुडाली होती, तलवार तेवढी ओटीवर टांगलेली, पण आंब्याच्या बागा होत्या आणि ऐट होती. त्या ऐटीतली सगळ्यात मोठी ऐट म्हणजे पोथी.

पोथी म्हणजे देवाची नव्हे हो. जेवणाची. घरातल्या उमाबाईसाहेब म्हणून कुणी होत्या, दीडशे वर्षांमागे. त्यांच्या मुदपाकखान्यात काय काय रांधायचे ते सगळं मोडीत लिहिलेलं होतं. लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली असायची. दसऱ्याला बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, पुन्हा आत. वाचायची कुणी? घरात मोडी येणारं माणूस उरलंच नव्हतं. पण पानावर पाहुणा बसला की घरचे मालक राजाभाऊ म्हणणार, "आमच्याकडे सगळं पोथीप्रमाणे होतं." होतं कसलं! माझ्या आधी गंगाकाकू होत्या, त्यांनी मला शिकवलं तसं होत होतं. गंगाकाकूंना त्यांच्या आधीच्या बाईने शिकवलं होतं. पोथी फडक्यात, आम्ही चुलीशी.

तर त्या साली, शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा, मी राजाभाऊंपुढे जाऊन उभी राहिले. उभीच राहिले, कारण बसले असते तर उठवायला कुणी लागलं असतं.

"राजाभाऊ, आता मला सोडवा. विहिरीकडे ती नारळ ठेवायची खोली आहे, ती झाडून द्या. एक वेळचं पान द्या. बाकी मला काही नको. माझ्याच्याने आता होत नाही."

राजाभाऊ माणूस वाईट नव्हते. मी आले तेव्हा दहा वर्षांचे होते, माझ्या हातचं खाऊनच वाढलेले. पण त्यांनी तेव्हा पोथी छापायचं डोक्यात घेतलं होतं. पुण्याचे कुणी मोठे विद्वान होते, जुन्या रीतींचा शोध घेणारे, पण संस्कृतातले, मोडी त्यांनाही येत नव्हती. ते येऊन पोथी बघणार होते, पोथीतलं जेवण जेवणार होते, आणि मग पुस्तकाला प्रस्तावना लिहिणार होते.

"काकू, एवढं पोथीचं जेवण नीट होऊ दे," राजाभाऊ म्हणाले. "मग खोली तुमची. चुलीशी दुसरा माणूस आणतो. शब्द देतो."

शब्द मिळाला. त्या दिवशी मी विहिरीकडे जाऊन खोली बघून आले. एक खिडकी होती, तिच्यातून माडांच्या शेंड्यांवर उन्हं दिसत होती. खाली जांभ्याची फरशी, गार. इथे आडवं पडायचं आणि कुणी हाक मारणार नाही, एवढंच मनात आलं आणि मला रडूच आलं. पन्नास वर्षं उलटलेली बाई मी, नारळांच्या ढिगाशी उभी राहून रडत होते. हसा हवं तर.

मोडी वाचायला आप्पांना बोलावलं. आप्पा कचेरीत जुन्या दप्तराचे कारकून होते, पेन्शन घेऊन घरी बसलेले. एक डोळा अधू, दुसऱ्याने कागद नाकाला लावून वाचायचे. मागच्या पडवीत उजेड चांगला म्हणून तिथे त्यांना पाट दिला. ते एकेक ओळ मोडीतून बालबोधीत, पुस्तकातल्या अक्षरांत, उतरवत बसायचे. माझी कांद्याची चूल त्याच पडवीत होती.

हो, कांद्याची चूल वेगळी. ब्राह्मणाच्या घरी कांदा, तोही दीडशे वर्षांपासून! मूळपुरुष उत्तरेत मोहिमेवर गेले आणि तिकडच्या तळांवर जीभ बिघडवून आले, असं घरात कौतुकाने सांगायचे. घरचं मोठं नाव ज्या पदार्थाने झालं तो खासा कांदेभात. जुने आंबेमोहर तांदूळ, कांदा तुपात लाल होईतो परतलेला, लवंग, वेलची, केशराची काडी, वरून सोलांचं पाणी शिंपडायचं. मी विधवा. मला कांदा शिवला तरी पुन्हा अंघोळ. पस्तीस वर्षं तो भात केला आणि प्रत्येक वेळी विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, थंडीतसुद्धा. चाखण्याची तर गोष्टच सोडा.

तसं चाखत मी काहीच नव्हते. सोवळ्यात उष्टं हाताला लागलं की संपलंच. मग मीठ कसं कळतं? वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी हेच विचारलं होतं. मी म्हटलं, कळतं. गंगाकाकूंनी माझी मूठ धरून शिकवलं होतं. शेरभर तांदळाला हाताचा एवढा खळगा भरेल इतकं. मीठ हाताचं, त्याचं बोलायचं नाही, असं त्या म्हणायच्या. मग पानं वाढली की मी दाराआड उभी राहायची आणि पहिला घास घेणाऱ्याचं तोंड बघायची. घास गिळून माणूस दुसऱ्या घासाला कसा हात घालतो त्यावर मला सगळं कळायचं. चव मी आयुष्यभर डोळ्यांनी घेतली.

असो. आप्पा एका दुपारी लिहिता लिहिता थांबले.

"मथुताई," ते म्हणाले, "तुम्हाला एक वाचून दाखवतो. पण कुठे बोलायचं नाही. माझी इथली जा-ये बंद होईल."

"मी कुणाशी बोलणार? या कांद्यांशी?"

त्यांनी पान नाकाशी नेलं आणि वाचलं. "कांदेभात खासा. तांदूळ आंबेमोहर जुने शेर एक. कांदे शेर अर्धा. तूप पावशेर..." सगळं मी करते तसंच. लवंगासुद्धा तितक्याच. मी हात पुसत ऐकत होते. मग शेवटची ओळ आली. "मीठ हातचें. सांगणारीने खाल्लें नाहीं. खाणाराने सांगावें."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, तेच. प्रत्येक पदार्थाच्या शेवटी ही ओळ आहे. भाजी असो, सार असो. मीठ हातचें, सांगणारीने खाल्लें नाहीं. आणि हे बघा, शेवटच्या पानावर. लिहविणार चिमा स्वयंपाकीण, वस्ती नेवरें. मूळ लिखाणात उमाबाईसाहेबांचं नाव कुठेच नाही हो. कुणीतरी मागाहून वेगळ्या शाईने वर टाकलंय."

मी खालीच बसले. गुडघे वगैरे काही आठवलं नाही. चिमा. तीही माझ्यासारखीच असणार, डोकं केलेली, एकवेळ जेवणारी. कारकून समोर बसलाय, ही चुलीशी बसून सांगतेय, आणि प्रत्येक पदार्थाला बजावतेय की बाबा, मला विचारू नकोस, मी हे खाल्लेलं नाही. दीडशे वर्षं आम्ही त्या बाईला हळदकुंकू वाहत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. मला एकदम वाटलं की कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली.

"राजाभाऊंना सांगितलंत?"

"सांगितलं," आप्पा म्हणाले. "भडकले. म्हणाले, सरदारांची बाई काय न खाता सांगेल? लोक हसतील. ती शेवटची ओळ सगळीकडून गाळा, चिमाबिमाही गाळा, आणि घरात कुणाकडे अवाक्षर काढू नका. मालक ते. मी गाळतोय."

ते पुन्हा लिहायला लागले. मी उठून विहिरीवर गेले. त्या दिवशी अंघोळीला फार वेळ लागला.

जेवणाचा दिवस माघातला. पुण्याचे पाहुणे आंबा घाटातून मोटारीने आले. उंच, गोरे, चष्मा, हळू बोलणारे. ओटीवर राजाभाऊ, पाहुणे, आप्पा आणि गावातली चार बडी मंडळी. आत मी आणि वहिनी. वहिनी पुण्याच्या शाळेत शिकलेल्या. त्यांनी आप्पांची बालबोधीतली प्रत हातात घेतली आणि सोवळ्याच्या रेघेबाहेर उभ्या राहून मला एकेक ओळ वाचून दाखवायला लागल्या. मला! जो भात मी झोपेत करीन तो!

"काकू, आज अगदी पोथीत असेल तसंच. पाहुण्यांनी बजावून सांगितलंय. जास्त नाही, कमी नाही. त्यांना मूळ चव हवीय."

"बरं."

सार झालं, वांग्याची भाजी झाली, भाताला आधण आलं. मी सवयीने मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ भरली आणि पातेल्यावर धरली.

"काकू, हातात काय आहे?"

"मीठ."

"ते कुठे लिहिलंय?"

वहिनींनी प्रत वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. मीठ नव्हतंच. ते त्या शेवटच्या ओळीत होतं, आणि ओळ गेली होती. आप्पांनी इमानाने गाळली होती, मिठासकट.

"अहो वहिनी, मीठ कुणी लिहीत नाही. ते हाताचं असतं."

"सारातही नाही लिहिलेलं. भाजीतही नाही. म्हणजे मुद्दामच नसणार ना? सारात घातलंत का तुम्ही?"

"सारात नाही, भाजीतही नाही अजून. शेवटी घालते."

"मग घालू नका. आज पोथी म्हणेल तसं."

मूठ तशीच धरलेली, वाफ हाताला लागत होती. एक शब्द बोलले असते की संपलं असतं. म्हटलं असतं, वहिनी, मूळ पोथी आणा, शेवटची ओळ वाचवून घ्या. पण मग वहिनी राजाभाऊंकडे जाणार, राजाभाऊ आप्पांना विचारणार, स्वयंपाकिणीला कुणी वाचून दाखवलं म्हणून. पाहुण्यांसमोर. आप्पांचं काय होईल ते होवो, पण माझी खोली? गार फरशी, माडांचे शेंडे? मी दमले होते हो. भांडायला अंगात जीव लागतो. मी मूठ बरणीवर नेली आणि सोडली. मीठ बरणीत परत गेलं.

पानं वाढली. आपल्याकडे पानाच्या डाव्या अंगाला चिमटीभर मीठ वाढतातच. मी दाराआड उभी राहिले, नेहमीसारखी. पहिला घास आत गेला आणि सगळ्यांची तोंडं एकदम थांबली. मी एवढी वर्षं तोंडं बघितली, पण असं कधी बघितलं नव्हतं. गावातल्या एका वकिलांनी खोकल्याचा आव आणला. राजाभाऊंचे कान लाल झाले. मग पाहुण्यांचा हात हळूच डाव्या अंगाला गेला, चिमूट घेतली, भातावर भुरभुरली. त्यांचं बघून बाकीच्यांनी तेच केलं. मीठवाढणी तीनदा फिरली. आप्पा मान खाली घालून जेवत होते. त्यांना कळलं होतं.

मला वाटलं, आता बोलतील. आता राजाभाऊ ओरडतील, काकू, मीठ विसरलात की काय! आणि मी बाहेर जाऊन माफी मागेन, आणि गोष्ट मिटेल.

पण पाहुणे चष्मा वर सरकवून म्हणाले, "राजाभाऊ, हे विलक्षण आहे. संपूर्ण पोथीत मिठाचा उल्लेख नाही, हे मी सकाळीच प्रतीत पाहिलं. म्हणजे त्या काळी खाशा पंक्तीत अन्न अळणी शिजवत आणि मीठ मानाने वेगळं वाढत! ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं. मीठ दुर्मिळ, महाग. प्रस्तावनेत याच्यावर एक स्वतंत्र टिपण लिहावं लागेल."

कोकणात मीठ महाग! अहो, समोरच्या खाडीकाठी मिठागरं होती, बैलगाडीने पोती यायची. मिठासाठी शिरोड्याला माणसांनी लाठ्या खाल्ल्या ते काय ते मिळत नव्हतं म्हणून? पण पंक्तीत कुणी हूं की चूं केलं नाही. उलट वकील म्हणाले, "वा! खरंच, मीठ वरून घेतल्याने रुची काही वेगळीच येते." राजाभाऊंच्या कानांचा लाल रंग उतरला आणि छाती बाहेर आली.

"पण राजाभाऊ," पाहुण्यांनी विचारलं, "हल्ली घरात रोज असं करत नाहीत ना? मग मीठ आत घालायची पद्धत केव्हा शिरली? स्वयंपाकीणबाईंना विचारता येईल?"

मला हाक आली. मी आलवणाचा पदर ओढून दारात उभी राहिले. एका बाजूला माझे गुडघे, दुसऱ्या बाजूला ती सगळी माणसं. राजाभाऊ माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. विनवल्यासारखे बघत होते, लहानपणी पानातलं कारलं टाकायचं असलं की माझ्याकडे बघायचे तसे.

"बाई," पाहुणे अगदी आदराने म्हणाले, "भातात, भाजीत मीठ शिजतानाच घालायचं हे तुम्हाला कुणी शिकवलं? की तुम्हीच सुरू केलंत?"

काय सांगायचं? गंगाकाकूंनी शिकवलं म्हणावं, तर गंगाकाकू अडाणी ठरणार. खरं सांगावं, तर चिमाने सांगितलंय, लिहून ठेवलंय, आप्पांनी मालकांच्या हुकमावरून गाळलंय, असं सांगावं लागणार. आप्पा वर बघेनात. त्यांचा तो एक चांगला डोळा पानावरच होता.

मी खोली बघितली. देवाशपथ, त्या क्षणी मला समोर पंगत दिसलीच नाही, ती खिडकी दिसली.

"मीच सुरू केलं," मी म्हटलं. "मला पोथी ठाऊक नव्हती. माझ्याकडून चूक होत आली."

"चूक कसली, बाई! असंच होतं. परंपरा अशा हातांतून घसरत जाते," पाहुणे म्हणाले आणि टिपण करायला कागद मागवला. राजाभाऊंनी श्वास सोडला. मी आत आले. वहिनी दारात होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, सोवळं बिवळं विसरून. त्यांना बिचारीला खरंच वाटलं की मी मोठ्या मनाने चूक कबूल केली.

दुसऱ्या दिवशी आप्पा मागच्या दाराने आले. प्रत तयार झाली होती, आता पोथीही पाहुण्यांबरोबर पुण्याला निघाली होती, नीट जपून ठेवायला. आप्पा चुलीपासून लांब उभे राहिले.

"मथुताई, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, उपकार झाले. पण आपण दोघांनी मिळून तिला पुरली हो."

"आप्पा," मी म्हटलं, "ती मेलेली आहे. मी जिवंत आहे, आणि माझे पाय दुखतात. जा आता."

तोंडाने म्हटलं खरं. ते गेल्यावर मी फुंकणी घेतली आणि फुंकरच येईना. रागही येईना, रडूही येईना. नुसतं जड झालं होतं सगळं.

राजाभाऊ शब्दाला जागले. चैत्रात खोली झाडून घेतली, बाज दिली, घोंगडं दिलं. चुलीशी बाबू म्हणून आचारी आला, मुंबईला खाणावळीत होता. तरतरीत, बालबोध वाचणारा. मी खोलीत आडवी पडले ती पहिले आठ दिवस उठलेच नाही म्हटलं तरी चालेल. कुणी हाक मारली नाही. सकाळी डोळा उघडला की माडांचे शेंडे. हेच हवं होतं मला. पण सवय मेली जात नाही. दुपारी पंगत बसायची वेळ झाली की कान तिकडे. कुणाचं तोंड कसं झालं असेल, दुसऱ्या घासाला हात घातला असेल का. माझ्याकडे आता दार होतं, पण त्याच्याआड बघायला काही नव्हतं.

पुढल्या वर्षी पुस्तक छापून आलं. जाड पुठ्ठा, आत उमाबाईसाहेबांचं काढून घेतलेलं चित्र. तसं कुणी त्यांना बघितलेलं नव्हतं, पण चित्रात नथ मोठी होती. वहिनींनी खोलीत येऊन मला प्रस्तावना वाचून दाखवली. माझं मन राखायला आल्या होत्या बिचाऱ्या, म्हणाल्या, "काकू, तुमचाही उल्लेख आहे." होता. लिहिलं होतं की खाशा पंक्तीतली ही अळणी पाकाची थोर रीत अलीकडच्या अशिक्षित स्वयंपाकिणींच्या हातून लुप्त झाली होती, हे खुद्द त्या घरच्या एका वृद्ध स्वयंपाकिणीनेच आम्हापाशी कबूल केले. नाव नव्हतं. चिमाचंही नव्हतं, माझंही नव्हतं. तेवढ्यापुरत्या आम्ही बरोबरीच्या.

"छान छापलंय," मी म्हटलं.

त्या दिवशी पुस्तकाच्या आनंदात घरी पंगत होती. राजाभाऊंनी बाबूला पुस्तक उघडून दिलं आणि खासा कांदेभात करायला सांगितला, अक्षरन् अक्षर बघून. मला खोलीत वास आला. कांदा तुपात लाल होतो त्याचा वास. तो मी ओळखते. जरा आधी काढला होता त्याने, अजून थोडा हवा होता. मी बाजेवर पडून मनातल्या मनात सांगत होते, थांब, थांब, अजून दोन उलथनी.

उन्हं कलल्यावर बाबू माझं पान घेऊन आला. केळीचं पान, त्यावर तो भात, केशरी, कांद्याच्या लाल काड्या दिसताहेत.

"बाबू, अरे कांदा आहे ना त्यात?"

तो गोंधळला. "आहे. मुंबईला कुणी बघत नाही काकू. म्हातारी माणसंसुद्धा खातात. तुमच्या हातचा पदार्थ, म्हटलं तुम्हाला आधी द्यावा. नेऊ का परत?"

तुमच्या हातचा म्हणाला. मी त्या पानाकडे बघत बसले. पस्तीस वर्षांत किती पातेली हा भात उतरवला असेन? किती वेळा विहिरीचं गार पाणी डोक्यावर घेतलं? केस नाहीत, तरी गार लागतंच. आता धर्म राहिला काय आणि गेला काय. खोटं तर बोलूनच बसले होते, भर पंक्तीत.

"ठेव," मी म्हटलं.

तो दारात उभा राहिला, पहिला घास मी कसा घेते ते बघत. माझं दार त्याला मिळालं होतं. मी घास उचलला. तांदूळ मऊ, कांद्याचा गोडवा, लवंग, सोलांची आंबट चव. आणि मग काही नाही. जिथे चव यायची तिथे नुसती पोकळी. भात अळणी होता. पुस्तकाप्रमाणे. पानाच्या डाव्या अंगाला मी बघितलं. मीठ नव्हतं. बाबू खाणावळीतला, कडेला मीठ वाढायची त्याला सवय नव्हती; पंगतीत ते वहिनींनी वाढलं असणार.

मग मला चिमा समजली. तिने प्रत्येक पदार्थाला बजावलं होतं की बाई, मी खाल्लेलं नाही, खाणाऱ्याने सांगावं. दीडशे वर्षं तिने कुणीतरी सांगण्याची वाट बघितली. आज तिच्या माणसांतली एक बाई शेवटी खायला बसली होती. नुसतं म्हणायचं होतं, बाबू, मीठ आण. चार अक्षरं. पण मग तो विचारणार, काकू, तुम्हीच तर सांगितलंत ना पाहुण्यांना, की मीठ घालणं चूक म्हणून? पुस्तकात आहे तसं.

मी घास गिळला. दुसऱ्याला हात घातला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी धुरावर घातलं असतं, पण या खोलीत धूर नव्हता.

"काकू, काही कमी आहे का?" बाबूने विचारलं.

"नाही रे," मी म्हटलं. "पोथीप्रमाणे झालाय."